नाळेवरचं डोकं

बोस्टन, ८ मार्च १८३४, शनिवार

म्हातारीचं काम लेम थॅक्स्टरला मिळालं.

आज दुपारी गोदीतला एक सुतार आमच्या कारखान्यात रंग मागायला आला आणि सहज बोलून गेला. त्याला वाटलं, मला ठाऊकच असणार. मी म्हटलं, "हो, हो, कानावर आलंय." हातातली पटाशी मात्र लाकडात नको तेवढी खोल गेली. एका गरुडाची मान वाया गेली.

नदीपलीकडच्या नौदलाच्या गोदीत ती जुनी युद्धनौका दुरुस्तीला आली आहे. तिला सगळं गाव म्हातारी म्हणतं. इंग्रजांच्या तोफांचे गोळे जिच्या अंगावरून घसरले ती हीच. तिच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, आता नवा पुतळा बसायचा आहे, आणि तो खुद्द राष्ट्राध्यक्षांचा. बोस्टनमध्ये जहाजांचे पुतळे कोरणारा पहिला माणूस कोण, असं कुणालाही विचारा. कस्टम हाउसच्या दारावरचा गरुड माझा. चीनला जाणाऱ्या अर्ध्या जहाजांच्या नाळेवरच्या बायका माझ्या. लेमनं काय केलंय? खानावळींच्या पाट्या आणि एक जलपरी, जिला कंबरच नाही.

मी गोदीत काम मागायला गेलो नव्हतो, हे खरं. माझ्यासारख्यानं दारोदार हिंडायचं नसतं. त्यांनी यायला हवं होतं.

जेवताना केझायाला सांगितलं. ती घेवडा वाढत होती. म्हणाली, "चांगलं झालं की. त्याच्या डॉर्कसला दिवस गेलेत, आता त्यांच्या घरात काहीतरी येईल."

चांगलं झालं! ज्या कारखान्यात लेम आणि मी एकाच बाकावर शिकलो तो हिच्या बापाचा. त्यानं कारखाना मला दिला, मुलगी मला दिली. मग लेमचं नाव निघालं की हिच्या तोंडावर तो उजेड कसला येतो?

१५ मार्च

आज तो स्वतःच आला. दारातून ओरडतच, "केझाया, सफरचंदाच्या पायचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत येतोय!" दुसऱ्याच्या बायकोला असं नावानं हाक मारायची म्हणजे काय. पण लहानपणापासूनचं आहे म्हणे.

तिनं त्याला वाढलेला तुकडा माझ्याहून मोठा होता. मी पाहिलं.

खाऊन झाल्यावर त्यानं टोपी हातात घेऊन फिरवायला सुरुवात केली. मग म्हणाला, "ओबेड, एक मागायचंय. अंगरखा, हात, हातातली कागदाची गुंडाळी, सगळं मी निभावीन. चेहरा तू कर."

"का?"

"कारण तुला चेहरे जमतात. मला नाही जमत, तुला माहितीये. आपण दोघं मिळून करू. गोदीवाल्यांना मी सांगतो, दोघांचं नाव लागेल."

"दोघांचं," मी म्हणालो. "तुझं आधी की माझं?"

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय. "तुझं आधी लाव की!"

मी म्हटलं, मला सध्या फार कामं आहेत. तो चटकन उठला नाही. चित्र आणलं होतं, राष्ट्राध्यक्षांचं छापील चित्र, ते टेबलावर पसरून बसला. "हे बघ, या जबड्याला कसं धरायचं?" मी बघितलं नाही. शेवटी गेला.

केझायानं ताटल्या उचलल्या. "कामं आहेत? कुठली?"

"आहेत."

"तो आपल्या दारी आला होता हो."

हो ना. दया करायला आला होता. पहिला मान त्याचा, आणि उरलेल्या अर्ध्यावर मी जगायचं.

२४ मार्च

गावाला कळलं! गल्लीच्या प्रत्येक कोपऱ्यावर पत्रकं चिकटली आहेत. "बोस्टनच्या जहाजावर या हुकूमशहाचं तोंड? कदापि नाही!" ज्या माणसानं देशाची बँक मोडली, आमचा व्यापार बुडवला, ज्याच्यामुळे निम्म्या धक्क्यांवर गवत उगवायची वेळ आली, त्यालाच आमच्या म्हातारीच्या नाळेवर उभं करायचं, हे कुणाच्याही पचनी पडत नाहीये. बाजारात मासेवाल्या बायकासुद्धा लेमच्या नावानं बोटं मोडताहेत. एकीनं तर त्याला कॉड विकायला नकार दिला.

मला राजकारणात कधी रस नव्हता. पण आज मला स्वच्छ दिसलं की हा प्रश्न तत्त्वाचा आहे.

संध्याकाळी पेनहॅलोसाहेब स्वतः कारखान्यात आले. सात जहाजांचे मालक, आणि माझ्या बाकावर बसले! म्हणाले, "विन्स्लेड, तुमच्यासारख्या कलावंतानं हे काम नाकारलं असं ऐकतो. खरं का?"

मग म्हणालो, "खरं आहे." खोटं काय त्यात? लेमनं विचारलं होतं, मी नाही म्हटलं होतं.

"शाबास. गुरुवारी सभा आहे. लोकांना हे तुमच्या तोंडून ऐकू द्या."

पेनहॅलोसाहेबांनीच सांगितलं, की व्यापाऱ्यांनी लेमला भलीमोठी रक्कम देऊ केली होती, पुतळा त्यांच्या हवाली करायला. जाळणार होते म्हणे. लेमनं घेतली नाही. "मूर्ख आहे," साहेब म्हणाले.

मला आजवर कुणी विकत घ्यायलासुद्धा आलं नाही.

२७ मार्च, गुरुवार

काय सभा झाली! दुपारी दोनपासून हॉल खच्चून भरला होता. मी उभा राहिलो, आणि पहिल्या टाळीनंतर जे काही अंगात शिरलं ते शेवटपर्यंत उतरलं नाही. मी म्हणालो, "मीही हात चालवणारा माणूस आहे. पण या हातांनी जुलूम कोरला जाणार नाही!" टोप्या उडाल्या. कुणीतरी ओरडलं, "आणि तो थॅक्स्टर?" मी म्हटलं, "त्याला पाहायचंय? जा आणि पाहा! गल्लीकडच्या खिडकीशी बसून दिवसाढवळ्या कोरतोय. उजेड तिथे चांगला असतो ना! लाज असती तर निदान पडदा लावला असता." केवढा हशा पिकला.

पंचवीस वर्षं गरुड कोरले, कुणी कधी टाळी वाजवली नाही.

केझाया आली नव्हती. तिला धुणं होतं.

२९ मार्च

काल दुपारी काही उनाड पोरं लेमच्या दारात जमली. ओरडाआरडा झाला, दगड आले. गल्लीकडची खिडकी फुटली. काच लेमच्या उजव्या हातात घुसली, अंगठ्याच्या बुडाशी. डॉक्टरनं टाके घातले आहेत. डॉर्कस बाजूलाच होती, तिला काही झालं नाही, पण भीतीनं झोपून आहे.

वाईट झालं. असल्या गोष्टी व्हायला नकोत. पेनहॅलोसाहेबही तेच म्हणाले. पोरांवर कुणाचा ताबा असतो?

बोस्टनमध्ये कुठला सुतार कुठल्या खिडकीशी बसतो, हे सगळ्यांना दिसतच असतं.

६ एप्रिल, रविवार

प्रार्थनेला लेम आला नव्हता. पाद्रीबाबांनी त्याचं नाव न घेता त्याच्यासाठी प्रार्थना केली. माझ्यासाठी कधी केली नाही, मला कावीळ झाली होती तेव्हासुद्धा.

केझाया रोज तिकडे जाते. सकाळी भाकरी भाजून झाली की टोपलीवर फडकं टाकून निघते आणि दुपार टळल्यावर येते. आज मी विचारलं, "रोज जायलाच हवं का?"

"डॉर्कसला उठवत नाही. त्याला एका हातानं चूलसुद्धा पेटवता येत नाही."

"शेजारीपाजारी नाहीत?"

"शेजाऱ्यांनी बोलणं टाकलंय त्यांच्याशी. सभेत पाहिलं असेल ना तुम्ही, सगळे तिथेच तर होते."

"आणि तो काय करतो दिवसभर? तुझ्याशी गप्पा?"

तिनं हातातली टोपली खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. "वेदना होत असल्या की शिट्टी वाजवतो. नसल्या की काम करतो."

"म्हणजे काम चालू आहे?"

"चालू आहे."

"कसं झालंय?" विचारायचं नव्हतं, तोंडून निघून गेलं.

"तुम्हीच जाऊन बघा," ती म्हणाली आणि आत गेली.

ती सांगत नाही, याचा अर्थ एकच. चांगलं झालं असणार. रोज दुपारपर्यंत ती त्याच्यासमोर उभी राहून पाहत असणार, आणि तो त्याचं ते हसू हसत असणार. मग घरी येऊन माझे गरुड तिला कोंबडीसारखे दिसत असणार.

१७ एप्रिल

गेलो. लेम आज टाके काढायला जाणार हे केझायाकडून कळलं होतं, म्हणून आजच गेलो.

डॉर्कसनं दार उघडलं. पोट चांगलंच दिसायला लागलंय. मला वाटलं होतं दार तोंडावर आपटेल. ती रडायलाच लागली. "भावजी, तुम्ही आलात! त्यांना किती बरं वाटेल. परवाच म्हणत होते, ओबेडनं एकदा बघायला हवं होतं."

खिडकीला फळ्या ठोकल्या आहेत. पुतळा आता मागच्या अंधाऱ्या भागात हलवलाय. तिनं दिवा आणला, धरला.

मी ठरवून गेलो होतो की खोट काढायची. अंगरख्याच्या घड्या जाड आहेत, ते लेमचं नेहमीचं. हातातली गुंडाळी लाटण्यासारखी. पण चेहरा. मला वाटलं होतं की तो एक हुकूमशहा करेल, नाहीतर एक देव. त्यानं म्हातारा केलाय. खूप चाललेला, कुठेतरी कुणाला तरी पुरून आलेला म्हातारा, आणि आता समोर एवढं पाणी आहे आणि त्याला ते ओलांडायचंच आहे. खालच्या ओठात काहीतरी केलंय त्यानं. मी दिवा डॉर्कसच्या हातातून घेतला आणि खाली, वर, बाजूला धरून पाहिला. कुठल्या पटाशीनं केलं ते कळलं नाही. त्याला चेहरे जमत नाहीत म्हणाला होता!

मग मला डावा कान दिसला. वरची कड तिरकी गेलीय, आतलं वळण बुजलंय. सरळ सरळ बिघडलेला कान. मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी खोकलो.

"हा कान," मी म्हणालो.

"हो ना," डॉर्कस म्हणाली. "तो करत होते तेवढ्यात दगड आला. पटाशी तशीच घसरली. पुन्हा भरून काढता येईल म्हणतात, पण अंगठा वळत नाही. राहू दे म्हणाले, म्हाताऱ्या माणसाचा आहे, चालेल."

मी दिवा परत दिला. ती थांबवत होती, चहा ठेवते म्हणाली. मी निघून आलो.

कान वाईटच आहे. कारण काहीही असो.

२ मे

गोदीवाल्यांनी पहाऱ्यात पुतळा नेला आणि म्हातारीच्या नाळेवर चढवला. अख्खं गाव पुलावर. शिव्या, मुठी, सडके बटाटे. एक पाद्री चक्क थुंकला. पेनहॅलोसाहेबांनी दुर्बीण आणली होती.

एवढे लोक मी कधीही एका कोरीव कामासमोर पाहिले नाहीत. लहान लेकरांना खांद्यावर घेऊन दाखवत होते. लांबून कान दिसत नाही.

३ जुलै, गुरुवार

डोकं गेलं!

काल वादळ झालं. विजांचा लखलखाट, पाऊस असा की गल्लीतून नदी वाहत होती. म्हातारी दोन मोठ्या युद्धनौकांच्या मध्ये उभी, दोन्हींवर पहारा. तरी कुणीतरी छोट्या होडीतून एकटा गेला, नाळेवर चढला, आणि करवतीनं राष्ट्राध्यक्षांचं डोकं कापून घेऊन गेला. हनुवटीच्या खालून. सकाळी पाऊस थांबला आणि धड तेवढं उभं!

गावात सण आहे. अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारताहेत. दारूच्या दुकानात फुकट रम मिळतेय. मीही घेतली. माझ्या पाठीवर इतक्या लोकांनी थाप मारली की पाठ दुखतेय. जणू करवत मीच चालवली.

घरी आलो तर केझाया नव्हती. टोपलीही नव्हती. चूल थंड. डॉर्कसला मुलगी झाली आहे, परवाच. तिथे असणार. आजच्या दिवशी तरी माझ्यासोबत असायला हवं होतं.

९ जुलै

पेनहॅलोसाहेबांकडे दुपारचं जेवण. निवडक वीस माणसं, त्यात मी. नवा कोट घातला.

मांस झालं, शेवंडी आल्या, आणि मग दोन नोकरांनी मोठं झाकलेलं ताट आणून टेबलाच्या मधोमध ठेवलं. साहेबांनी झाकण उचललं. डोकं. कुणी कापलं हे विचारायचं नाही असं आधीच बजावलं होतं, आणि कुणी विचारलंही नाही. सगळे उभे राहून ओरडायला लागले. राष्ट्राध्यक्ष पूर्वी सेनापती होते ना, एकानं त्यांच्या तोंडावर मदिरा ओतली. "प्या, जनरल, प्या!" दुसऱ्यानं नाकात चिरूटाचं थोटूक खोचलं.

मदिरा त्या खालच्या ओठावरून ओघळली आणि ओठ ओला दिसायला लागला. जिवंत.

"विन्स्लेड," साहेब म्हणाले, "तुम्ही जाणकार. सांगा, कलाकृती म्हणून काय मोलाची आहे?"

सगळे माझ्याकडे वळले. वीस श्रीमंत माणसं गप्प, माझ्या तोंडाकडे बघत. मी डोकं हातात घेऊन फिरवलं. जड होतं. लाकूड मऊ, पांढरा पाइन, आणि करवतीच्या जागी अजून राळेचा वास. मी डावा कान दाखवला. "हे पाहा. असा कान माझ्याकडचा शिकाऊ पोरगाही करणार नाही. ज्याला कान कोरता येत नाही त्याच्याकडून सरकार पुतळा करून घेतं!"

छप्पर उडेल एवढं हसले. साहेबांनी माझा पेला स्वतः भरला.

नंतर पुडिंग आलं, पण मला खाववलं नाही. वाटेत दोनदा भिंतीला धरून उभं राहावं लागलं. शेवंडी शिळ्या असणार. उन्हाळ्यात शेवंडी खाऊ नये.

१८ जुलै

नौदलाचा एक लेफ्टनंट आला, रॅगलंड नावाचा. तरुण आहे, दक्षिणेकडचा, शब्द चघळत बोलतो. म्हातारीच्या धडावर नवं डोकं बसवायचं आहे. मी करीन का?

गेले कित्येक महिने मी हे वाक्य मनात ऐकत होतो. आता खरंच ऐकलं तर म्हणालो, "थॅक्स्टरला विचारा ना."

"विचारलं. आधी त्यांनाच विचारलं. त्यांचा अंगठा आता पटाशी धरत नाही. त्यांनी तुमचं नाव दिलं. म्हणाले, विन्स्लेडखेरीज कुणाला देऊ नका, नाहीतर डोकं कापलेलंच बरं."

मी उद्या सांगतो म्हटलं आणि त्याला वाटेला लावलं. आत जाऊन केझायावर ओरडलो. "भीक घालतोय मला! पुन्हा! मार्चमध्ये अर्धी घातली, आता अख्खी!"

तिनं भांडं घासणं थांबवलं नाही. "नको असेल तर नाही म्हणा."

"नाही कसं म्हणू? आणि गाव काय म्हणेल? मी सभेत बोललो होतो."

"हो. तुम्ही सभेत बोलला होतात." मग हात पुसले तिनं. शांतपणे, एकेक बोट. "खिडकी तुम्हीच दाखवलीत ना?"

"मी उजेडाबद्दल बोललो होतो."

"उजेडाबद्दल."

"हो! उजेड तिथे चांगला असतो, असं म्हणालो. कुणीही म्हणेल."

तिनं फडकं दांडीवर वाळत घातलं, कडा जुळवून. म्हणाली, "काम घ्या. आणि नीट करा. आणि त्याच्या नावानं पुन्हा या घरात ओरडू नका."

कुणी सांगितलं असेल तिला? गावभर झालं असणार. पण मार्चपासून तिला ठाऊक होतं आणि ती बोलली नाही, हे मला जास्त लागलं. त्याच्याशी बोलली असेल.

१९ जुलै

होकार कळवला.

११ ऑगस्ट

लाकूड चांगलं मिळालं. पेनहॅलोसाहेबांचा माणूस एकदा येऊन पाहून गेला, काही बोलला नाही. मला वाटलं होतं, निदान धमकी तरी येईल. मी खिडकी मुद्दाम उघडी ठेवतो. गल्लीतली पोरं डोकावतात आणि पुढे पळतात.

आज लेम आला. ते छापील चित्र घेऊन. डाव्या हातानं धरून ठेवलं त्यानं, मी मापं घेतली. तासभर. शिट्टी वाजवत होता, म्हणजे हात दुखत असणार. मी म्हटलं, "बस, धरायची गरज नाही, खिळ्याला लावतो." तर म्हणाला, "राहू दे, मला बघायला आवडतं."

मग बघत राहिला. माझ्या हातांकडे. पंचवीस वर्षांत मला कुणी काम करताना असं पाहिलं नव्हतं, आणि तोच पाहतोय याचा मला राग येत होता.

मी विचारलं, "ओठाला कुठली पटाशी वापरलीस?"

"पटाशी नाही. काचेच्या तुकड्यानं खरवडला. तेव्हा पटाशी धरताच येत नव्हती, काच बऱ्या हातात मावायची. खिडकीचीच काच." आणि हसला, तेच हसू.

मग तोच म्हणाला, "सभेला मी होतो, ओबेड. मागच्या बाकावर."

पटाशी थांबली माझी.

"चांगला बोललास तू. मला वाटलं नव्हतं तू एवढं चांगलं बोलशील."

"मग दुसऱ्या दिवशी खिडकीशी का बसलास?" मी ओरडलोच. "ऐकलं होतंस ना? मग का बसलास तिथे?"

"उजेड तिथेच आहे," तो म्हणाला. "आणि मला वाटलं, नाही कुणी येणार. आपलीच गल्ली आहे."

चित्र माझ्या बाकावर ठेवलं आणि गेला. सप्टेंबरात ते ओहायोला जाताहेत, डॉर्कसच्या बापाच्या शेतावर. मका लावायला दोन अंगठे लागत नाहीत म्हणे.

हे सगळं मला सांगायची काय गरज होती त्याला? मी विचारलं होतं का? दिवसभर एकही टवका नीट निघाला नाही.

२६ ऑगस्ट

डोकं झालं. दोन्ही कान उत्तम आहेत.

५ सप्टेंबर

लेमच्या गाडीला निरोप द्यायला म्हातारीवरचे खलाशी आले होते, निम्मे तरी. एकेकानं त्याचा डावा हात हातात घेतला. मासेवाली, जिनं कॉड द्यायला नकार दिला होता, तिनं सुक्या माशांची जुडी गाडीत टाकली आणि मागे न बघता गेली. केझाया बाळाला घट्ट धरून होती, गाडी निघेपर्यंत देत नव्हती.

मी गल्लीच्या कोपऱ्यावरून पाहिलं. मला काम होतं.

मी गेलो तर खलाशी येतील का?

१३ सप्टेंबर, शनिवार

काल डोकं बसवलं. आज केझायाला घेऊन होडीनं गेलो, म्हटलं पाण्यातूनच नीट दिसतं.

कुणी नव्हतं. पूल मोकळा. दोन बायका टोपल्या घेऊन बोलत चालल्या होत्या, त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. मी होडीवाल्याला म्हटलं, "नवं डोकं पाहिलंस?" तो म्हणाला, "बसवलं का? बरं झालं. बिनडोक वाईट दिसत होतं." गावात आता नवा विषय निघालाय, गेल्या महिन्यात जोगिणींचा मठ जाळला त्याचं प्रकरण, सगळे त्यावर बोलताहेत. परवा बाजारात पेनहॅलोसाहेब भेटले. मी म्हटलं आता तोंड फिरवतील, चारचौघांत अपमान करतील. त्यांनी हसून विचारलं, "काय विन्स्लेड, धंदा बरा?" एक दगड नाही. एक सडका बटाटा नाही. साधी शिवीसुद्धा नाही कुणी दिली.

एक म्हातारा खलाशी वर दोर वळत बसला होता. त्याला मी हाक मारून विचारलं, कसं आहे? तो म्हणाला, "चांगलं आहे. थॅक्स्टरचा पुतळा आहे ना."

होडी नाळेखाली थांबवायला लावली. केझाया वर बघत राहिली, हातानं ऊन अडवून. मी वाट पाहिली. मग राहवलं नाही. "आता खरं सांग. त्याचं चांगलं होतं की माझं?"

"त्याचं मी पाहिलं नाही."

"रोज जात होतीस!"

"स्वयंपाकघरात. डॉर्कस अंथरुणावर, तो तापात, चूल, धुणं, भाजी. पुतळा मागे अंधारात होता, त्यावर चादर. मला कुठला वेळ?"

"नाळेवर चढवला त्या दिवशी?"

"त्या दिवशी तिच्या पोटात दुखत होतं. तिच्याजवळ बसले होते."

मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो. ती खोटं बोलत नाही, ते तिला येतच नाही. मार्चपासून मी तिच्या डोळ्यांत दोन डोकी शेजारीशेजारी ठेवून पाहत होतो. तिथे एकच होतं, आणि तेही आत्ता कुठे आलं होतं.

"मग हे कसं आहे?" मी विचारलं. "एवढं तरी सांग."

ती बराच वेळ पाहत होती. पाण्यानं होडी हलत होती, होडीवाला कंटाळून वल्ह्यावर टेकला होता.

"छान कोरलंय," ती म्हणाली. "कान, केस, सगळं. पण किती रागावलाय हो तो. कुणावर जळतोय एवढा?"

"राष्ट्राध्यक्ष तापटच आहेत."

"असतील. त्यांना मी कुठे पाहिलंय." तिनं पुन्हा एकदा वर पाहिलं, मग माझ्याकडे, मग पाण्याकडे. "ओळखीचा वाटतो चेहरा, एवढंच."

परत येताना ती शालीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

घरी आल्यावर मी लेमनं ठेवलेलं चित्र काढलं आणि खिडकीशी नेऊन नीट पाहिलं. चित्रात ते एवढे रागावलेले नाहीत.